कबरीला फुटलेला पाझर

चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. वेदीशेजारी पहिल्या पाळकांची कबर होती. चित्रीकरणाच्या झगझगीत दिव्यांत गाणी रंगात आली की तिच्यावरचा उभा दगड पाझरू लागायचा. सुगंधी, तेलकट थेंब ओघळायचे आणि लोक हुंदके देत त्यांना रुमाल टेकवायचे.

"पाहा!" नवे पाळक माइकवर गरजले. "इतकी वर्षं हे संत गप्प का होते? तुमचा विश्वास लंगडा होता! ज्यांनी नुसत्या स्पर्शानं साथीचे रोगी उठवले, ते आज जागे झालेत! मधुमेहा, पळ! मूतखड्या, नीघ!"

मूतखडा काही निघताना दिसला नाही. पण एका प्राध्यापिकेची धाकटी बहीण पुढे झाली, थेंब कपाळाला लावला आणि म्हणाली, "मी बरी झाले."

त्या दिवसापासून तिनं इन्शुलिन बंद केलं.

प्राध्यापिका कॉलेजात धर्मांचा इतिहास शिकवत. त्या तडक बहिणीकडे गेल्या.

"अगं, ते पहिले पाळक डॉक्टर होते! साथीत घरोघरी औषध पाजत हिंडले. स्पर्शाची गोष्ट आपल्या लहानपणी कुणी ऐकली होती का?"

"तेव्हा चर्च कोरडं होतं, ताई. आता जिवंत झालंय."

"चर्च बदललं म्हणून मेलेल्या माणसाचं आयुष्य बदलतं का?"

"तुझे विभागप्रमुखसुद्धा चमत्कारांवरच संशोधन करतायत ना?"

ते खरं होतं. मिशनच्या दवाखान्यांचा विषय विभागातून केव्हाच बाद झाला होता. आता विद्यार्थी जुन्या पाळकांचे चमत्कार गोळा करत होते. आज जे हवं होतं, तेच पूर्वी घडलं असं ठरवून सगळे मोकळे झाले होते.

काही दिवसांतच बहिणीला उलट्या सुरू झाल्या, धाप लागली, शुद्ध हरपली. तिला दवाखान्यात हलवलं, तरी तिचा नवरा हट्टाला पेटला.

"ताई, तिला कबरीपाशी नेतो. सही करून सोडवून घेतो."

"आधी तू माझ्याबरोबर चल. मग काय ते ठरव."

सकाळचं चर्च गार होतं, दगड कोरडा. चित्रीकरणासाठी बसवलेले मोठे दिवे ताईंनी दगडाकडे वळवले आणि बटण दाबलं. थोड्या वेळानं दगड तापला, आणि थेंब ओघळले.

"कुणी प्रार्थना केली आत्ता?" ताईंनी विचारलं. "खोबरेलात अत्तर घालून या भुसभुशीत दगडात मुरवलंय. गारठ्यात गोठतं, दिव्यांनी वितळतं."

मग त्यांनी किल्लीनं नावाखालचा वेगळ्या रंगाचा, पुट्टीनं बुजवलेला भाग खरवडला. आत खलबत्ता कोरलेला होता. औषध कुटायचा.

तेवढ्यात पाळक आले. "विश्वासाची परीक्षा घेऊ नये, बाई."

"मग हा खलबत्ता बुजवलात कशाला?"

पाळकांनी दिवे बंद केले, एवढंच. बहिणीचा नवरा दवाखान्याकडे पळत सुटला. उपचार थांबले नव्हते, पण फार उशीर झाला होता. दुपारी ती गेली.

दफनाच्या वेळी मागून कुणीतरी कुजबुजलं, "तिचाच विश्वास कमी पडला."

ताई वळल्या. 

"नाही. तिचं इन्शुलिन बंद पडलं. प्रार्थना करा, मीही करते. पण औषध सोडू नका. आणि कुणी मेलेल्या माणसाच्या नावानं चमत्कार सांगितला, तर तो माणूस आयुष्यभर कसा जगला, हे आधी विचारा."

 बहिणीच्या नवऱ्यानं मूठभर माती उचलली, पण त्याच्यानं ती टाकवेना.