धुराड्याच्या पायातला दोरा

कोक-जारच्या शाळेचं धुराडं मंगळवारी दुपारी स्वतःच्या पायांनी गाव सोडून गेलं.

असं काही झालेलं नाही. गोष्ट पवनचक्कीची आहे.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला ती शाळेमागच्या टेकाडावर उभी राहिली आणि उभीच राहिली. वारा सुटे, गवत आडवं होई, म्हाताऱ्यांच्या टोप्या उडत. तिची तिन्ही पाती मात्र ढिम्म. राजधानी बिश्केकमधल्या इंजिनिअर एर्निसला फोन केला, तर तो म्हणाला, "माझ्या कॉम्प्युटरवर अकरा दिवस मस्त फिरतेय. एजे, अहो ताई, तुम्ही नीट बघता ना?"

"नीट म्हणजे कसं?" झुराकाननं विचारलं. "डोळे मिटून?"

झुराकान शाळेच्या भट्टीत कोळसा घालायची. एकोणीस हिवाळे घातला होता. भट्टी पेटली की तिची सात वर्षांची आयजार्किन खोकायला लागे, खोकता खोकता निळी पडे. गेला अख्खा हिवाळा पोरगी घरी बसून होती. आई रोज सकाळी भट्टी पेटवायला शाळेत जायची, म्हणून लेकीला शाळेत जाता येत नव्हतं. आता शाळा विजेवर गरम होणार होती. पण जिल्ह्याचा कागद आला होता: बुधवारपर्यंत चक्की फिरली नाही, तर कोळशाचा ट्रक रवाना करू.

सोमवारी मम्बेताली आबा टेकाडावर चढले. गावात त्यांच्याहून वडील कुणी नव्हतं. शिंगराकडे पाहतात तसं त्यांनी चक्कीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"हिचा दोरा कापलाय का?"

"कसला दोरा?"

"पायातला गं! पोर उभं राहायला लागलं की दोन्ही पायांना मिळून काळा-पांढरा दोरा बांधायचा, शर्यत लावायची, जिंकेल त्यानं कापायचा. त्याशिवाय कुणाचं पोर चाललंय? तुझा कापणारा भलताच चपळ असणार, अजून पळतेयस."

"आबा, हे यंत्र आहे."

"मग? यंत्राला पाय नसतात?"

"एकच आहे."

आबा विचारात पडले. एक पाय बांधणार कशाला? शेवटी ठरलं, दुसरा पाय म्हणून भट्टीचं धुराडं धरायचं. ते जवळ होतं, उंच होतं आणि नाही म्हणणारं नव्हतं. साठ वर्षं ते एका जागी उभं होतं, पण त्याचा दोरा कापायचं कुणाला सुचलं नव्हतं.

मंगळवारी दरीतलं धुकं वर आलं. घरं त्यात अशी तरंगत होती, की जणू सगळं गाव कुणाच्या तरी झोपेत आहे आणि त्यानं कूस बदलली तर सांडेल. चक्की आणि धुराड्याच्या मध्ये काळा-पांढरा दोरा बांधला आणि तो कापायच्या शर्यतीत सहा बायका पळाल्या. झुराकान सगळ्यात मागे, छातीत एकोणीस हिवाळे घेऊन. पण पुढच्या पाचजणी धुक्यात सरळ शेजारच्या गावात शिरल्या, तिथल्या लग्नात जेवल्या आणि संध्याकाळी परतल्या. त्यामुळे झुराकान सहावी येऊन पहिली आली.

आयजार्किननं तिच्या हातात सुरी दिली. तिनं दोरा कापला.

चक्की हलली नाही.

धुराडं हललं. आधी त्यानं सगळा भार एका बाजूला घेतला, मग दुसऱ्या. पहिलं पाऊल पडलं तेव्हा अंगावरून काजळी झरली, अगदी हलकी, काळ्या पिसांसारखी.

"हळू, बाळा, हळू," आबा म्हणाले.

बायकांनी रीतीप्रमाणे बोरसोक, म्हणजे कणकेचे तळलेले गोळे, उधळले. धुराडं डुगडुगत, विटा सावरत, कुंपण ओलांडून उन्हाळी कुरणांच्या वाटेला लागलं आणि धुक्यात विरघळलं. आणि ते जिथे उभं होतं त्या भोकातून, एवढी वर्षं त्याच्या पाठीमागे रांगेत थांबलेला वारा एकदाचा आत आला. पाती फिरली. आधी लाजत, मग बेभान.

आयजार्किननं मोठा श्वास घेतला. मग अजून एक, उगाचच.

एर्निसचा फोन आला. "एजे, काय केलंत? इथं बंद पडलेली दाखवतेय!"

बुधवारी जिल्ह्याचा कागद आला. चक्की मंजूर होती. मात्र भट्टी-कामगाराचं पद भरलेलं असेपर्यंत कोळसा पाठवणं बंधनकारक असल्यानं ट्रक निघाला होता.

झुराकाननं कागद दोनदा वाचला. शाळेच्या खिडकीतून लेकीची वेणी दिसत होती, तिसऱ्या बाकावर. तिनं पेन मागून घेतलं आणि लिहिलं:

"जिल्हा शिक्षण कार्यालयास विनंती अर्ज. मी माझ्या पदाचा राजीनामा देत आहे. रिकाम्या जागी टेकाडावरील वारा यांची कायमस्वरूपी नेमणूक करण्यात यावी. त्यांना अनुभव कमी असला, तरी त्यांच्यामुळे कोणी खोकत नाही. हजेरीपटावर सही करणे त्यांना जमणार नाही, परंतु पट उघडा ठेवल्यास ते पाने उलटतात. रजेवर जाण्यापूर्वी त्यांनी किमान तीन दिवस आधी लेखी कळवावे, अशी अट त्यांच्या नेमणूकपत्रात घालण्यात यावी, ही नम्र विनंती."