रिकामी खाच

चूक माझीच होती, आणि तीही अशी की बाहेरच्या माणसाला समजावून सांगताना लाज वाटावी.

शरीराचं रक्षण करणाऱ्या टी-पेशींच्या अंगावर रिसेप्टर असतात. आपलं कोण, परकं कोण हे पेशी त्यांनीच चाचपते. माझ्या धाकट्या बहिणीच्या पेशी त्यात चुकतात आणि तिचेच सांधे कुरतडतात. रिसेप्टरच्या खाचेत प्रथिनाचा कुठला तुकडा बसून त्यांना भडकवतो, हे शोधण्यात मी सहा वर्षं घातली. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमधून येणारी चित्रं म्हणजे नुसती करडी वाळू. तिच्यातून रिसेप्टर वेचून काढायला संगणकाला बहुधा एक नमुना देतात, की बाबा रे, असं दिसणारं शोध. मी दिलेल्या नमुन्यात तुकडा आधीच खाचेत बसवलेला होता. संगणक बिचारा आज्ञाधारक. त्याने वाळूतूनही तोच आकार जमवून दाखवला. आम्ही टाळ्या वाजवल्या, लेख छापून आला, आणि त्यावरून एका कंपनीने औषध बेतलं.

सोमवारी सकाळी मी तीच चित्रं नमुना न देता चालवून पाहिली. काही खास कारण नव्हतं, संगणक मोकळा होता इतकंच. रिसेप्टर स्वच्छ उमटला. खाचेत काहीच नव्हतं. पुन्हा चालवलं, पुन्हा तेच.

मी आमच्या प्रयोगशाळेच्या सरांच्या खोलीत गेले. त्यांनी शांतपणे ऐकलं, चष्मा पुसला.

"लेख तपासणाऱ्या परीक्षकांनी काही विचारलं नाही. तू कशाला उकरून काढतेस?"

"सर, त्या औषधाच्या चाचणीत माझी बहीण जातेय. आज सही आहे तिची."

"मग तर मुळीच सांगू नकोस. आशेवर माणूस निम्मा बरा होतो."

आणखी एक मिनिट थांबले असते तर तोंडून नको ते निघालं असतं. मी दार आपटून बाहेर पडले.

दवाखान्यात ती बाकावर फॉर्म घेऊन बसली होती. चाचणीसाठी तिने जुनी औषधं तीन आठवडे बंद ठेवली होती. गुडघे टम्म सुजलेले, आणि पेन बोटांत धरवत नव्हतं म्हणून मुठीत धरलेलं.

"सही करू नकोस."

"का गं ताई, घाबरलीस? सुई मला टोचणार आहेत, तुला नाही."

मी तिला सगळं सांगितलं. समजावत बसावं लागलं नाही. सहा वर्षं जेवताना मी तिचं डोकं रिसेप्टरनेच खाल्लं होतं.

"पण तू तर म्हणाली होतीस, तुकडा दिसला म्हणून. नाचली होतीस घरभर."

"मला तो दिसायला हवा होता गं. तुझ्यासाठी."

तिने फॉर्म उलटा करून मांडीवर ठेवला. मी म्हटलं, जुनी औषधं आजच सुरू करू, डॉक्टरांशी मी बोलते, कंपनीलाही मीच कळवते. माझी जीभ थांबतच नव्हती.

"माझ्यासाठी," ती म्हणाली. "म्हणजे मी आजारी नसते, तर तू नीट बघितलं असतंस."

हे खरं होतं. मला रडूही आलं नाही, इतकं खरं होतं.

तिने उठायला हात मागितला. मी दिला. तो धरून ती उभी राहिली, पण माझ्याकडे बघितलं नाही.