राहिलेला अंतरा

मित्रांनो, सोनाळ्याच्या ग्रामपंचायतीत कधी गेलात, तर दप्तराच्या कपाटावर एक लाकडी खोके दिसेल. पुढचे कापड उंदरांनी कुरतडले आहे, दोन बटणांपैकी एक हरवले आहे, आणि काचेमागची लाल सुई एका टोकाला जाऊन अडकली आहे. ते खोके म्हणजे मी, एक जुना रेडिओ. बिघडलेला रेडिओ, असे सगळे म्हणतात. आज ते खरे आहे. पण ज्या वर्षी गावाने मला पहिल्यांदा बिघडलेला ठरवले, त्या वर्षी माझ्यात काहीही बिघाड नव्हता. तेवढे एकदा नीट सांगावे, म्हणून बोलतो आहे.

माझ्या पोटात काचेचे चार व्हॉल्व्ह आहेत. बटण फिरवले की ते लगेच बोलू देत नसत. आधी तापत, मग मंद तांबूस दिसू लागत, आणि मग आवाज येई. गावात तेव्हा वीज नव्हती. विटेएवढ्या जड बॅटरीवर मी चालत असे. महाराष्ट्र राज्य झाले त्याच्या दुसऱ्या वर्षी मी रेल्वेने नांदुऱ्याला उतरलो आणि तिथून मोटारीने सोनाळ्याला आलो. कंडक्टर मला टपावर टाकायला निघाला होता. पंचायतीचा शिपाई कडूबा मला न्यायला आला होता. तो म्हणाला, "टपावर काऊन? माह्या मांडीवर बसते न तो. तिकीट फाडा पायजे तं." अशा रीतीने मी माणसासारखा बसून गावात आलो.

पंचायतीच्या ओट्यावर दोन बांबूंच्या मध्ये तांब्याची तार ताणली, ती माझी एरियल. दुसरी तार भिंतीलगतच्या खड्ड्यात पुरली. तिला अर्थिंग म्हणतात. खड्ड्यात कोळसा आणि मीठ भरलेले होते, आणि ती जागा ओली राहिली तरच माझी खरखर कमी होत असे. हे कडूबाला एकदाच सांगितले गेले आणि त्याने ते गावाला पक्के शिकवले. रेडिओ ऐकायला यायचे, तर येताना तांब्याभर पाणी आणायचे आणि खड्ड्यात ओतून मग ओट्यावर बसायचे. उन्हाळ्यात विहिरी तळाला गेल्या, तरी ही चाल मोडली नाही. कोणी हात हलवत आला, तर कडूबा ओरडे, "फुकट्या, पानी कुठी हाये तुहं?" आणि तो माणूस मुकाट्याने घरी जाऊन तांब्या घेऊन येई.

मला त्या पाण्याचा अभिमान होता. माणसे माझ्यासाठी काहीतरी आणत होती, आणि माझ्याकडून त्याच्या बदल्यात चांगले काही जात होते. कापसाचे भाव जात, हवामान जाई, आणि गाणी जात. गाणे कोणी लिहिले, चाल कोणाची, गायले कोणी, हे निवेदक आधी सांगत असे. मग गाणे पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत लागत असे.

दर बुधवारी संध्याकाळी गाण्याचा धडा असे. एक गुरुजी आणि त्यांची एक शिष्या. गुरुजी एक ओळ म्हणत, शिष्या ती परत म्हणे, आणि मग थोडा वेळ कोणीच काही म्हणत नसे. ती शांतता ऐकणाऱ्यांसाठी ठेवलेली होती. त्या वेळात आपण म्हणून पाहायचे.

सोनाळ्यात ती शांतता भरून काढणारी एकच मुलगी होती. तिचे नाव कोकिळा. तिची आई गीताबाई कापूस वेचायला जाई. वेचणाऱ्या बायकांच्या रांगेत ओवी उचलायची ती गीताबाईनेच. कोकिळा आठवीत होती. गावात तिला गाणे शिकवणारे कोणी नव्हते. शिकवणारा म्हणायचा तर मीच. ती अगदी माझ्या कापडाजवळ बसे. गुरुजी थांबले की ती म्हणे, आणि तिचा सूर माझ्या कापडावर येऊन आदळे. चांगला लागलेला सूर असा आदळला, की माझी लाकडी पेटीसुद्धा किंचित थरथरत असे.

मी गावात आल्याला सात वर्षे झाली होती, त्या वर्षी पोळ्यानंतर गुरुजींनी भूप राग सुरू केला. पाचच स्वरांचा राग. मध्यम आणि निषाद त्यात नसतात. चिजेचा पहिला भाग, म्हणजे अस्थाई, त्यांनी फार निगुतीने शिकवली. ती खालच्या आणि मधल्या स्वरांत फिरते. दुसरा भाग अंतरा, तो वरच्या 'सा'पर्यंत चढतो. गुरुजी म्हणाले, "अंतरा पुढच्या बुधवारी." दिवाळीनंतर खामगावला शाळांच्या गायनाच्या स्पर्धा होत्या आणि शाळेने कोकिळाचे नाव पाठवले होते. पूर्ण चीज म्हणायची, असा तिथला नियम होता.

पुढच्या बुधवारी कोकिळा तांब्या ओतून, पदर खोचलेल्या आईला ओढत घेऊन आली. कडूबाने बटण फिरवले. मी तापलो. आणि माझ्यातून केसांच्या तेलाची जाहिरात गेली.

तिच्यामागून साबणाची. मग दातांच्या पावडरीची. मग एक नवा, हसरा आवाज म्हणाला, की आजपासून या वेळी श्रोत्यांच्या आवडीची गाणी. धड्याचे नावही कोणी काढले नाही. गुरुजी आजारी आहेत, धडा अमुक वाराला हलवला आहे, असे एक वाक्यसुद्धा नाही.

चित्रपटातली गाणी वाईट असतात, असे मी म्हणत नाही. त्यांतली कितीतरी मी प्रेमाने वाहून आणली आहेत. माझी चीड वेगळीच होती. गाणे आता पुरे लागत नव्हते. दोन कडव्यांनंतर कापून मध्ये साबण घालत. सकाळी लावलेलेच संध्याकाळी लावत. गाणाऱ्याचे नाव सांगायला वेळ नव्हता, पण ज्यांनी ते मागितले त्यांची नावे गाण्यापेक्षा लांब चालत. आणि ती शांतता, जिच्यात कोकिळा गायची, ती तर सर्वांत आधी गेली. क्षणभर कोणी गप्प बसले की तिथे काहीतरी विकत.

गावाला वाटले, मी बिघडलो.

सरपंच गुलाबराव कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "अर्थिंग वायलं असन, कडूबा. पानी टाका." पाणी टाकले. दुसऱ्या दिवशी घागरी आल्या. मिठाचे पोते आले. खड्ड्याचा चिखल झाला आणि त्यात गुलाबरावांची एक वहाण रुतून बसली. पाण्याने खरखर जाते हे खरे. त्या आठवड्यात माझा आवाज इतका स्वच्छ होता, की तेलाच्या जाहिरातीतला श्वासही ऐकू येई. पण येते तेच वाईट असेल, तर ते स्वच्छ ऐकू आल्याने चांगले होत नाही. हे त्यांना कसे सांगू? माझे तोंड माझ्या ताब्यात नव्हते. कोणी डावीकडून थापट मारी, कोणी उजवीकडून. मी मार खात होतो आणि साबण विकत होतो.

शेवटी कडूबा मला खामगावला, रेडिओ दुरुस्त करणाऱ्या मोतीरामच्या दुकानात घेऊन गेला. मोतीरामने मागची पाटी काढली, व्हॉल्व्ह तपासले, आणि मला लावून पाहिले.

"याले काय झालं? घंटीसारखा आवाज हाये."

"आवाज चांगला हाये," कडूबा म्हणाला. "गानं खराब येऊन राह्यलं."

मोतीराम त्याच्याकडे बघतच राहिला. "अरे बावा, चिठ्ठीत वाईट खबर आली, तं पोस्टमनले दवाखान्यात नेतं का कोनी?"

कडूबा जरा ओशाळला. मग म्हणाला, "मंग लिहिनाराले कुठी न्यावं?"

मोतीरामने माझी मागची पाटी पुन्हा बसवली. मला मात्र कडूबाचा प्रश्न आवडला. इतक्या दिवसांत योग्य जागी बोट ठेवणारा तो पहिलाच होता.

तो परत आला आणि त्याने कोकिळाला म्हटले, "डब्ब्याले काही झालं नाही, माय. तू रेडिओच्या केंद्रालेच लिही." कोकिळाने पोस्टकार्ड लिहिले. ते तिने ओट्यावर बसून आईला वाचून दाखवले, म्हणून मला माहीत आहे. भूपाची अस्थाई आम्हाला आली, अंतरा राहिला आहे, कृपा करून एकदा तरी लावावा, एवढाच मजकूर होता. खाली तिने स्वतःचे, आईचे आणि कडूबाचे नाव घातले.

मग रोज संध्याकाळी ती येऊन बसू लागली. दिवाळी जवळ आली, तरी अंतऱ्याचा पत्ता नव्हता. आणि एके दिवशी तो हसरा आवाज माझ्यातूनच म्हणाला, की पुढचे गाणे ऐकू इच्छितात सोनाळ्याहून कोकिळा, गीताबाई, कडूबा! त्यानंतर एका चित्रपटातले नाचाचे गाणे लागले. तेही अर्धेच.

तिचे कार्ड कोणी वाचलेच नव्हते. नावे तेवढी उचलली होती.

ओट्यावर एकच गलका झाला. "अबे, कडूबाचं नाव आलं! रेडिओत आलं!" लोक कडूबाच्या पाठीवर थापा मारू लागले. गुलाबराव रुसले. "माहं नाव काऊन नाही टाकलं बे? सरपंच मी हावो का तू?" त्या गोंधळात कोकिळा रडते आहे, हे फक्त गीताबाईने पाहिले. ती म्हणाली, "गप व्हा रे! पोरीनं भाकर मांगली अन् यायनं तिचं नाव पुकारलं. यात नाचाले काय झालं?"

पण कोणी गप्प बसले नाही. मित्रांनो, त्या रात्रीपासून माझी चीड केंद्रावरून गावाकडे वळली. दुसऱ्या आठवड्यात सोनाळ्यातून पोस्टकार्डांची चळत गेली. कोणते गाणे हवे, हे कोणाला ठाऊकही नव्हते. फक्त नाव यायला हवे होते. सगळे कान टवकारून नावे ऐकत आणि गाणे सुरू झाले की बोलायला लागत. धड्याबद्दल दुसरे पत्र कोणी लिहिले नाही. जे मागतील तेच आम्ही देतो, असे केंद्र म्हणू शकत होते, आणि तसे म्हणायची सोय गावानेच करून दिली होती.

कोकिळा खामगावला अर्ध्या चिजेवर गेली. परत आल्यावर कडूबाने विचारले, "काय झालं व?"

"अस्थाई म्हटली अन् थांबली. परीक्षक हासले. म्हने, पोरी, तुही गाडी जलंबलेच थांबली, खामगावले पोचलीच नाही."

कडूबाला हसू आले आणि लगेच त्याने ते गिळले. जलंब स्टेशनाहून खामगावचा रेल्वेफाटा फुटतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

त्यानंतर गुलाबरावांनी ट्रान्झिस्टर घेतला. त्याला एरियल नको, अर्थिंग नको, पाणी नको. तो खांद्याला लटकवून ते शेतात फिरत. मग इतरांनीही घेतले. ज्याचा त्याचा आवाज, जो तो एकटा. माझी बॅटरी संपली आणि नवी कोणी आणली नाही.

मी बंद पडलो होतो, त्याच दिवसांतली एक दुपार. कोकिळा ओट्यावर आली आणि आपल्या जुन्या जागी बसली. तिने अस्थाई म्हटली. गुरुजी जिथे थांबले होते तिथे ती थांबली. आणि मग पुढे गेली. पहिल्यांदा आवाज फाटला. पुन्हा गेली. कापूस वेचताना ओवीच्या शेवटी गीताबाई जसा आवाज वर नेते, तशी ती वरच्या 'सा'वर चढली आणि तिथे उभी राहिली. तो अंतरा तिचा तिने केलेला होता. त्यात एका ठिकाणी मध्यम लागला, जो भूपात चालत नाही, हेही मी सांगून टाकतो. पण माझी पेटी थरथरली.

इतकी वर्षे मी दूरचे आणून इथे दिले. इथले दूर नेणे मला कधी जमले नाही. मी नुसते घेणारे यंत्र आहे. पाठवणारे यंत्र वेगळे असते. तो अंतरा ओट्याच्या पलीकडे गेला नाही. माझ्या साऱ्या आयुष्यात मला सर्वांत जास्त डाचते, ते हेच.

आता कोकिळा नांदुऱ्याला दिली आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती माहेरी येते, पदराने माझी काच पुसते आणि ओट्यावर गल्लीतल्या पोरींना गाणे शिकवते. खड्ड्याची जागा अजून उघडी आहे. तिथे मीठ मुरले आहे, म्हणून गवत उगवत नाही. पोरी विचारतात, तेव्हा ती म्हणते, "तिथी आम्ही लई पानी वाया घातलं."

मित्रांनो, तुमच्या घरचा रेडिओ जरूर पुसत जा, त्याला ओलीपासून जपा. पण तो वाईट बोलू लागला, तर त्याला थापट मारू नका. काय येते आहे ते ऐका. अर्धे आले, तर पुरे मागा. एकदा मागून मिळाले नाही, तर पुन्हा मागा. आणि त्याऐवजी कोणी तुमचे नुसते नाव पुकारले, तर तेवढ्यावर भुलू नका.

यंदाच्या आखाजीला एक पोरगी गाण्याच्या मधेच उठली. गाई घरी यायची वेळ झाली होती. "ताई, राह्यलेलं उद्या शिकतो न."

"बस खाली," कोकिळा म्हणाली. "गाईले तुही माय बांधीन. अंतरा झाल्याबिगर या ओट्यावरून कोनी उठत नाही."

पोरगी बसली. कोकिळाने एक ओळ म्हटली आणि ती गप्प झाली. ती शांतता मी लगेच ओळखली.