लोखंडी पंखाखालून

ट्रामच्या जुन्या पत्र्यांतून घडवलेला भला मोठा पंख स्मारांदाने आणि होरियाने खांद्यांवर पेलला होता. चर्चची घंटा होईपर्यंत रोमानियातल्या यासी शहराच्या चौकात जराही न हलता उभं राहायचं, हाच या दोघा कलाकारांचा प्रयोग. हललं की तो मोडला.

त्या दिवशी गुड फ्रायडे. त्या दिवशीच्या प्रथेप्रमाणे चर्चमध्ये ख्रिस्ताचं चित्रवस्त्र ठेवलेल्या मेजाखालून वाकून आलेल्या म्हाताऱ्यांनी पंख पाहिला, छातीवर क्रूस रेखला आणि एकेक करून त्याच्याखालूनही वाकून जाऊ लागल्या.

"अगं, सांग ना त्यांना, हे देवाचं नाही!" होरिया पुटपुटला.

"तूच सांग. बघू ऐकतात का."

शेवटी आग्लाया आजी आली आणि गुडघे धरून थांबली. "मला नाही रे वाकवत, पोरांनो."

प्रयोगासाठी स्मारांदा वर्षभर राबली होती. तरी तिने क्षणाचाही विचार केला नाही.

"होरिया, उचल."

"हललो तर सगळं संपेल!"

"पंख माझा आहे. उचल म्हणते ना!"

दोघांनी पंख डोक्यावर उंच धरला. आजी ताठ मानेने खालून गेली आणि पलीकडून म्हणाली, "तसाच धरा हं. माझी बहीण येतेय मागून, आणि तिला घाई म्हणून नसते कधी."

"येऊ दे सावकाश," स्मारांदा म्हणाली.