काट्यावरचा श्वास

सातशे दोन वजा तीनशे अठ्ठेचाळीस. भिंगरीने उत्तर लिहिलं, चारशे चोपन्न.

खुर्चीमागे उभ्या असलेल्या आईची तळपायाची आग मस्तकात गेली. "सातातला एक उसना दिलास ना? मग वर सहा कुणी लिहायचे? शेजाऱ्यांनी?"

"अय्या, हो की!" भिंगरीने खोडरबर फिरवला, चाराचे तीन केले, फुंकर मारून चुरा उडवला आणि पुढच्या गणिताकडे वळली.

चीड यायची ती याचीच. एखाद्याला कळत नसेल तर पुन्हा समजावता येतं. हिला सगळं कळत होतं. शेचाळीस साते तिने दोनशे ब्याऐंशी लिहिले, तेव्हा आईने विचारलं, "हातचे चार कुठे गेले?"

"सांडले वाटतं."

"भरून घे मग. आणि ताळा करून बघ."

"ताळा कशाला? तू आहेस ना."

भिंगरीने हे इतकं सहज म्हटलं, की आईने ते ऐकलं आणि सोडून दिलं.

गणिताची तपासणी आठवड्यावर आली होती. घरी शिकणाऱ्या मुलांना शिक्षण खात्याच्या कार्यालयात जाऊन पेपर द्यावा लागे. गेल्या खेपेला भिंगरी थोडक्यात हुकली होती, तीही असल्याच चुकांनी. "पुढच्या वेळी असंच झालं तर नव्या सत्रापासून शाळेत घालावं लागेल," असं तिथल्या बाईंनी शांतपणे सांगितलं होतं. त्यांचं चुकत नव्हतं. पण शाळेत असताना या मुलीच्या तोंडून वर्षभर एक शब्द फुटला नव्हता. हजेरीलासुद्धा ती नुसता हात वर करायची. घरी शिकायला लागल्यापासून हळूहळू तिची जीभ सुटली. आता जिन्यात भेटणाऱ्या माणसांशी तिचं चुरूचुरू बोलणं चाले. हातचे विसरण्यापायी हे सगळं पुन्हा गमवायचं, या विचारानेच आईला घास गोड लागत नव्हता.

उपाय करून ती थकली होती. चौकटीची वही आणली, एका चौकटीत एकच आकडा. शाबासकी दिली, रागावून पाहिलं, अबोलाही धरला. पालथ्या घड्यावर पाणी.

"डोकं पुढे पळतं तिचं, हात मागे राहतात," बाबा एका संध्याकाळी बूट काढता काढता म्हणाला. "माझंही लहानपणी असंच होतं."

"मग तूच शिकव की."

"मी शिकवलं तर दोघं मिळून चुकू."

"चांगलं काही केलं की तुझी, आणि घोळ घातला की माझी!" असं म्हणून आई जी आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

सकाळच्या वेळी ती औषधांच्या एका प्रयोगशाळेत कामाला जायची. तिच्या ताब्यातला तराजू काचेच्या पेटीत असे. चिमटीत मावणार नाही इतकी पूड तो तोलायचा, आणि समोरच्याने नुसता श्वास सोडला तरी त्याचा आकडा हलायचा. त्याच आठवड्यात एक नवी मुलगी कामाला लागली होती. ती सारखी पेटीवर वाकून आकडा बघायची आणि दर वेळी वेगळाच लिहायची.

"वाकू नकोस गं," आई वैतागून म्हणाली. "दारं लाव, मागे सरक, आणि त्याला एकट्याला स्थिर होऊ दे. तू जवळ असलीस की तो तुझा श्वास मोजतो, पूड नाही."

दुपारी घरी येऊन जेवण उरकलं, आणि आई नेहमीसारखी खुर्चीमागे उभी राहिली. आठशे सहा वजा पाचशे एकोणतीस. भिंगरीने दोनशे सत्त्याहत्तर लिहिलं. बरोबर होतं. तेवढ्यात आईला आठवलं, मशीनमधले कपडे सकाळपासून तसेच ओले पडलेत. तिच्या नाकातून एक सुस्कारा सुटला.

भिंगरीचा हात खोडरबराकडे गेला. तिने दोन खोडला आणि तिथे तीन लिहिला.

"अगं, का खोडलंस? बरोबर होतं ते!"

"तू सुस्कारा टाकलास ना."

"म्हणून?"

"चुकलं की तू तसाच टाकतेस." भिंगरीने पेन्सिल कागदावर अधांतरी धरून दाखवली. "मी अशी थांबते. तू काही केलं नाहीस तर लिहिते. सुस्कारा आला तर बदलते. कधी कधी तू नुसती हलतेस, तेव्हा नीट कळत नाही."

आई मटकन बाजूच्या खुर्चीत बसली. इतके महिने भिंगरी गणितं सोडवत नव्हती असं नाही. पण ती बरोबर की चूक, हे ठरवण्याचं काम तिने आईच्या नाकावर सोपवून टाकलं होतं. आणि आई रोज पदर खोचून ते काम इमानेइतबारे करत होती. नव्या मुलीला सकाळी दिलेला सगळा उपदेश तिला शब्दन् शब्द आठवला, आणि तिला स्वतःचाच भयंकर राग आला.

दुसऱ्या दिवसापासून तिने भिंगरीला गणितं दिली की शेजारच्या खोलीत जायचं ठरवलं. वाटलं होतं, आता गाडी रुळावर येईल. कसलं काय! पहिल्या दिवशी निम्मी गणितं चुकली, दुसऱ्या दिवशी त्याहून जास्त.

"बरोबर आहे का?" पलीकडून हाक यायची.

"तूच सांग."

"तुला येतं ना, मग सांग की!"

"ताळा कर."

"तू दुष्ट आहेस!" पेन्सिल भिंतीवर आपटल्याचा आवाज आला, मग रडण्याचा. आई उशीचा अभ्रा मुठीत आवळून बसून राहिली. उठून जावं, बोट ठेवून चूक दाखवावी, संपवावं एकदाचं, असं तिला दहादा वाटलं. मुलीच्या चुका सोसण्यापेक्षा स्वतःचं तोंड मिटून ठेवणं जास्त जड जात होतं.

बऱ्याच वेळाने रडणं थांबलं. मग त्या दिवशीच्याच गणिताचं पुटपुटणं ऐकू आलं; आईने ते पुन्हा दिलं होतं. "पाचशे एकोणतीस अधिक तीनशे सत्त्याहत्तर... नऊशे सहा. आठशे सहा यायला हवेत. शी!" आणि खोडरबर घासल्याचा आवाज.

आई जागची हलली नाही.

तपासणीच्या दिवशी कार्यालयातल्या बाईंनी भिंतीलगतची खुर्ची दाखवली. "पालकांनी मागे बसलं तरी चालतं."

भिंगरीने लगेच मान वळवून आईचा चेहरा पाहिला. "बस ना."

"मी बाहेर बाकावर आहे," आई म्हणाली. भिंगरीचे ओठ घट्ट मिटले. शाळेत मिटायचे तसेच. तरी आई बाहेर गेली.

दार अर्धवट उघडं होतं. आतून फक्त पंख्याची घरघर येत होती. बाहेर कुणीतरी फाईलींचा गठ्ठा घेऊन गेलं, कुणीतरी पाणी प्यायलं. आईने चपलेच्या अंगठ्यातून बोट काढलं, घातलं, पुन्हा काढलं. कार्टी नक्की हातचे सांडत असणार.

शेवटी आत खुर्ची सरकली. "वेळ झाली. दे बाळा पेपर," बाई म्हणाल्या.

"थांबा."

आईने मान वर केली.

"थांबा ना जरा. एकाचा ताळा राहिलाय."

आवाज बारीक होता, थोडा चिडकाही, पण शब्द स्पष्ट होते. बाईंनी पुढे केलेला हात मागे घेतला. पेन्सिल चालली. मग खोडरबर. मग पुन्हा पेन्सिल.

पेपर तिथेच तपासला गेला. एक गुणाकार चुकला होता, हातचे विसरल्यामुळेच. "बाकी ठीक. घरीच शिकू दे," बाई म्हणाल्या आणि कागदावर सही केली.

आईने तोंड उघडलं. हातच्यांबद्दल एक चांगलं खरमरीत वाक्य तिच्या जिभेवर तयार होतं. ते तिने गिळलं, आणि गिळताना नाकातून जोरात श्वास सुटला.

भिंगरीने वळून पाहिलं.

"आता टाक," ती म्हणाली. "पेपर दिलाय मी."