निरोपवाल्या बाई

आमच्या कंपनीच्या वेबसाइटवर 'आमचा प्रवास' नावाचं एक पान हवं, असं माझ्या लेकीनं ठरवलं. शुभ्रा आता कंपनीचं मार्केटिंग बघते. तिनं पहिलं वाक्य लिहून मला फोनवर पाठवलं: 'मार्केटमधली गॅप ओळखून २००९ साली संस्थापकांनी कौटुंबिक मनोरंजनाच्या क्षेत्रात पाऊल टाकलं.' संस्थापक म्हणजे मी आणि तिचे बाबा. मला इतकं हसू आलं की चहाचा ठसका लागला. गॅप कसली आणि ओळखतंय कोण? दोन संस्थापकांपैकी एकाचं पाऊल तेव्हा पुण्याच्या विमानात होतं, आणि दुसरी त्या पायाला धरून लोंबकळत होती. तेव्हा खरं काय झालं ते मीच सांगते. त्यातलं वेबसाइटवर घालण्यासारखं काय ते तिनं बघावं.

माझा नवरा प्रकाश क्वांटिटी सर्व्हेयर. म्हणजे इमारतीला किती सिमेंट, किती सळई, किती फरशी लागेल ते आधीच मोजून सांगणारा माणूस. २००८ च्या डिसेंबरात मंदीमुळे दुबईतला त्याचा टॉवर अर्ध्यावर थांबला आणि कंपनीनं त्याच्या हातात पत्र दिलं. लोक अशा वेळी रडतात, दारू पितात, देवाला जातात. प्रकाशनं घरी येऊन टेप काढली आणि सोफ्याची लांबी मोजली. मग कपाट, मग फ्रिज. कार्गोनं पुण्याला काय जाईल आणि काय विकावं लागेल, याचा हिशेब सुरू झाला. या माणसाला दुःख झालं की तो मोजतो. लग्नानंतर हे कळायला मला दोन वर्षं लागली होती.

शुभ्राची चौथीची परीक्षा मार्चमध्ये संपणार होती. मार्चअखेरची तिकिटं काढून तो मोकळा झाला. मला जायचं नव्हतं. पुणं वाईट आहे असं नाही, पण दुबईत मी पहिल्यांदा गाडी शिकले, पहिल्यांदा कुणाला न विचारता पडद्यांचा रंग निवडला. डिस्कव्हरी गार्डन्समधलं ते दोन खोल्यांचं घर मला माझं वाटत होतं. पण नोकरी नाही तर व्हिसा नाही, आणि व्हिसा नाही तर खलास.

त्या जानेवारीत आमच्या कॉलनीत एकच गोष्ट जोरात चालली होती, ती म्हणजे निरोप. दर शुक्रवारी कुणीतरी जायचं. पार्किंगमध्ये गाड्यांवर धूळ साचत होती. समोरच्या बिल्डिंगमधली वासंती निघाली तेव्हा खाली बागेत सगळे जमले, वेफर्स उघडले आणि रडायला बसले. मला रडकी पार्टी सहन होत नाही. मी वासंतीची बॅग उचलून मध्ये ठेवली आणि म्हटलं, वजनकाटा न लावता ओळखा, तीस किलोच्या आत आहे की बाहेर? गल्फमधल्या माणसाला दुसरं काही येवो न येवो, बॅगेचं वजन हातावर ओळखता येतं. दहा मिनिटांत दोन टीम पडल्या, भांडणं लागली, आणि वासंतीचा नवरा स्वतःचीच बॅग उचलताना मागे पडला. लोक हसून हसून लोळले.

आमच्या समोरच्या दारात जॉयस आणि सिरिल राहत होते, वसईचे. सिरिल एका हॉटेलात बँक्वेटला होता. लग्नं बंद पडल्यामुळे त्याला आठवड्यातून तीनच दिवस काम होतं. वसईत त्यानं निम्म्या गावाच्या लग्नांत माइक धरलेला, त्यामुळे माइक दिसला की त्याचा हात आपोआप पुढे व्हायचा. त्या दिवशी त्यानं दरवाजाची बेल, विमानतळावरची अनाउन्समेंट आणि इमिग्रेशनचा अधिकारी अशी तीनही कामं एकट्यानं केली. जॉयसनं केक आणला होता. पुढच्या शुक्रवारी जाणाऱ्यांनी आम्हाला आधीच सांगून ठेवलं, आमचंही असंच करा, पैसे देतो.

अशी कंपनी निघाली. नाव ठेवलं 'येतो', कारण निघताना 'जातो' म्हणायचं नाही, 'येतो' म्हणायचं, हे आमच्याकडे आणि वसईत सारखंच. नियम एकच होता: पैसे केक कापायच्या आधी. आमचं गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी हवेत असायचं, तिथे वसुलीला कोण जाणार? फेब्रुवारीपर्यंत कॉलनीत मला 'निरोपवाल्या बाई' म्हणायला लागले. मी लिफ्टमध्ये शिरले की लोक विचारायचे, आता कोण?

प्रकाश हे सगळं लांबून बघत होता. एका संध्याकाळी मी बागभर नाचून घरी आले, आणि त्याला म्हटलं, आपण इथेच राहू, हीच कंपनी चालवू. तो टेप गुंडाळत म्हणाला, "छाया, तुझं गिऱ्हाईक केक खातं आणि विमानात बसतं. प्रत्येक पार्टीनंतर एक घर कमी. ज्या फांदीवर बसलीयेस तीच तोडतेयस तू."

मला राग आला, कारण मुद्दा बरोबर होता.

"मग काय केलं तर राहशील?" मी विचारलं.

त्यानं विचार केला. "निरोप सोडून दुसरी एक पार्टी मिळव. एकच. तिकिटं रद्द करतो."

एकच तर हवी होती. मी लगेच हो म्हटलं. मला वाटलं, आठवड्याचं काम.

पहिला फोन वाढदिवसाचा आला. मी जॉयसला मिठी मारली. आम्ही पोचलो तर फळ्यावर लिहिलेलं: हॅपी बर्थडे अँड गुडबाय. दुसरी पार्टी लग्नाच्या वाढदिवसाची. ती तरी खरी असेल म्हणून मी नवी साडी नेसले. नवऱ्यानं भाषण सुरू केलं, बायकोचं कौतुक केलं, आणि मग सगळ्यांसमोर तिला सांगितलं की नोकरी गेली, गुरुवारी निघायचंय. बाईच्या हातातला चमचा तसाच राहिला. सिरिलनं प्रसंगावधान राखून गाणं बदललं आणि मी बॅग आणायला माणूस पाठवला. काय करणार, हातातलं काम तर चांगलं करायला हवं.

घरी आल्यावर मी प्रकाशला म्हटलं की सुरुवात तरी वाढदिवसाची होती ना. शुभ्रा अभ्यासातून मान वर न करता म्हणाली, "ममा, टेक्निकली इट्स स्टिल अ फेअरवेल." बापाची मुलगी.

मग कॉलनीतल्याच मैथिलीचा फोन आला. रथसप्तमी उलटली होती, तरी तिच्या तान्ह्या सिद्धांतचं बोरन्हाण करायचं होतं. आता बोरन्हाणात निरोप कसा घुसेल? संक्रांत झाली की लहान मुलाला काळे कपडे घालायचे, हलव्याचे दागिने चढवायचे आणि डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, गोळ्या ओतायच्या. जमलेली पोरं ते लुटतात. यात कुठे जाणं नाही की येणं नाही. मी करामाच्या बाजारात जाऊन बोरं आणली. सूप घेऊन स्टुलावर चढून सराव करत होते, तेवढ्यात प्रकाश आला आणि त्यानं स्टुलाकडे बघितलं.

"हे सेफ नाही," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या आपल्या जुन्या कंपनीच्या गोदामात गेला. तिथल्या अलीमियाँ स्टोअरकीपरनं त्याला सेफ्टी नेट दिलं, इमारतीवरून माणूस पडला तर झेलणारं. टॉवर थांबल्यावर त्यावरून कोण पडणार होतं? प्रकाशनं ते कापलं, छताला अडकवलं, मधोमध गाठ आणि गाठीला दोरी. दोरी ओढली की सगळं एकदम खाली. त्यानं ते चार वेळा करून पाहिलं. चौथ्या वेळी गरज नव्हती. त्याला मजा येत होती हे मला दिसलं, पण मी बोलले नाही. बोलले असते तर त्यानं टेप काढली असती.

बोरन्हाण झकास झालं. दोरी ओढली, पाऊस पडला, सिद्धांत आधी दचकला आणि मग दोन्ही हातांनी चुरमुरे तोंडात कोंबायला लागला. पोरं एकमेकांच्या अंगावर पडली, हलव्याचा मुकुट कुणीतरी खाल्ला. मी प्रकाशकडे बघून भुवया उडवल्या. तेवढ्यात मैथिली डोळे पुसत पुढे आली आणि म्हणाली, बरं झालं हे इथे झालं, परवा आमची फ्लाइट आहे. मी त्या बाळावर उरलेली बोरं ओवाळून टाकली आणि त्याच्या आईकडे असं बघितलं की जॉयसनं मला हाताला धरून बाहेर नेलं.

मार्च संपत आला. प्रकाश दोनदा सकाळी टाय लावून बाहेर गेला. कार्गोवाल्याकडे असणार, मी विचारलं नाही. खोकी भरली. आता पार्टी उरली होती ती आमचीच, आणि ती करायला कॉलनीत आमच्याशिवाय कोणी नव्हतं. स्वतःच्या निरोपाचे खेळ मीच ठरवले. केक जॉयसचा, माइक सिरिलचा, आणि जेवणाची जबाबदारी प्रकाशची. त्यानं कोण गेलं, कोण राहिलं याचा हिशेब मांडला आणि पंधरा घरांची बिर्याणी मागवली.

शुक्रवारी दुपारी बाग भरायला लागली. पंधरा घरं आली. मग आणखी आली. मागच्या बिल्डिंगमधली, पलीकडच्या रस्त्यावरची, वासंतीच्या पार्टीला आलेली, त्या चमच्यावाल्या बाईच्या पार्टीला आलेली. मल्याळी, सिंधी, दोन फिलिपिनो नर्सेस. बिर्याणी पहिल्या अर्ध्या तासात संपली, आणि माणसं चुरमुऱ्यांच्या पिशव्यांकडे बघायला लागली. बायकांनी माझी ओटी भरली. सगळ्यांनी भेटी आणल्या, आणि दुबईची आठवण म्हणून बहुतेकांनी एकच वस्तू आणली होती. पितळेचा बुर्ज, म्हणजे त्या शिडाच्या आकाराच्या हॉटेलची छोटी प्रतिकृती. एकूण सात बुर्ज आणि वाळूच्या तीन बाटल्या.

शेवटी नेट, या वेळी बागेतल्या दोन झाडांमध्ये टांगलेलं. आम्ही तिघं खाली उभं राहायचं आणि सिरिलनं दोरी ओढायची. सिरिलनं ओढली. काही झालं नाही. पुन्हा ओढली. प्रकाशला राहवेना. गाठ त्याची होती, लाज त्याची होती. तो स्टुलावर चढला, हात वर केला, आणि त्याच क्षणी सिरिलनं सगळा जोर लावला. बोरं, चुरमुरे, चॉकलेटं, नेट, सगळं प्रकाशच्या अंगावर आलं, आणि पाठोपाठ कॉलनीतली सगळी पोरं. स्टूल एकीकडे, प्रकाश दुसरीकडे. मी घाबरून धावले. पोरांच्या ढिगाखालून आवाज येत होता, तो हसण्याचा होता. डिसेंबरपासून मी तो ऐकला नव्हता. मी तिथेच गवतावर बसले आणि मलाही हसू आवरेना, ओटीतले तांदूळ सगळीकडे सांडले.

तो बाहेर आला तेव्हा केसांत चुरमुरे होते. तो पुन्हा स्टुलावर चढला आणि एका एका टेबलाकडे बोट दाखवत गर्दी मोजायला लागला. माझं हसू थांबलं. म्हटलं, आता याला पुन्हा दुःख झालं.

सगळे गेल्यावर आम्ही घरात खोक्यांवर बसलो. सिरिलला भाषणात रडू आल्यामुळे जॉयस त्याला घरी घेऊन गेली होती. मी हरले होते, आणि मला ते आता मोठ्यानं म्हणायचं होतं. पण प्रकाशच आधी बोलला.

"माझं माप चुकलं."

"बिर्याणीचं? ते सगळ्यांनाच कळलं."

"नाही. मी जाणारी घरं मोजत होतो. दर पार्टीला जाणारं घर एक असतं, छाया. पोचवायला अख्खी कॉलनी येते. ती कॉलनी मी मोजलीच नव्हती. ती इथेच आहे."

त्यानं केसांतला एक चुरमुरा काढला आणि खाल्ला.

"मी दोनदा हमरियाला जाऊन आलो," तो म्हणाला. "शारजाच्या फ्री झोनमध्ये. पार्टीच्या सामानाचं लायसन्स मिळतं, त्यावर व्हिसाही मिळतो. नुसती चौकशी करायला गेलो होतो. पण माझी अट होती. निरोप सोडून एक पार्टी."

"ती नाही मिळाली," मी म्हटलं.

"एक बुकिंग आहे. पुढचा शुक्रवार, याच बागेत. ज्यांनी ज्यांनी आज बुर्ज दिले, त्यांना सांगायला, की आम्ही जात नाही."

"गिऱ्हाईक कोण?"

"मी."

"हे चालतं?"

"गिऱ्हाईक कोण असावं, ते अटीत नव्हतं." सर्व्हेयर माणूस. त्याला पळवाट करारातच सापडते.

मला काय वाटलं ते सांगायला हवं. मला वाटलं, या माणसाशी मी पुन्हा लग्न करीन, याच खोक्यांमध्ये, याच चुरमुऱ्यांत. डोळे भरून आले होते. पण धंदा तो धंदा. मी नाक पुसलं आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारते तसं विचारलं.

"ॲडव्हान्स?"

त्यानं खिशातून तिघांच्या तिकिटांचे कागद काढले, सरळ केले आणि माझ्या रिकाम्या झालेल्या ओटीत ठेवले.

"बाकीचे?" मी विचारलं.

"केक कापायच्या आधी," प्रकाश म्हणाला.