झेंडूच्या हाराखाली

मित्रांनो, मी एक जुना दोर आहे. काथ्याचा, आणि तोही तुटलेला. हसू नका! सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं म्हणतात. पण भीतीने पीळ कसा सैल होतो, ते मला विचारा.

कोकणात मला वळलं आणि पिंपरीला आणलं. तिथल्या माळावर एका कारखान्याच्या भिंती चढत होत्या. परांचीच्या बांबूंना मी फळी बांधून धरायचो आणि त्या फळीवर गवंडी भैरू उभा राहायचा. मुकादम मालोजींचा रिवाज असा, की जो सगळ्यांआधी भिंत पुरी करील त्याला फेटा. दोर तपासणाऱ्याला कोण फेटा देतो?

तीन पावसाळ्यांनी मला कुजवलं. माझ्या तीन पेडांपैकी एक तुटला. तेवढ्यात खंडेनवमी आली. अवजारांची पूजा झाली, मलाही हळदकुंकू लागलं आणि झेंडूचा हार नेमका तुटल्या जागेवर बांधला गेला. केवढा मान! पण माझ्या काळजात धस्स झालं. आता माझी जखम कुणाला दिसणार?

दसरा झाला आणि भैरू पुन्हा चढला, तीन पुरुष उंच. माझा दुसरा पेड तटकन तुटला. देवा, हा माणूस माझ्यामुळे मरणार! मला ओरडताही येईना.

खाली त्याची बायको शालनबाई घमेलं उचलत होती. घमेल्यात झेंडूच्या पाकळ्या पडल्या, आणि त्यांच्याबरोबर काथ्याचा भुगा. तिने वर पाहिलं.

“अवो, उतरा खाली! दोर तुटतुया!”

“देवाचा हार हाय त्याला! चार इटा राह्यल्यात, फेटा जाईल!”

“चुलीत घाला त्यो फेटा! डोकं राह्यलं तर बांधाल न्हवं?”

भैरूने खाली वाकून हार सरकवला आणि गारठलाच. शेवटच्या पेडावर मी जीव मुठीत धरून होतो. त्याने बांबूला मिठी मारली, फळीवरून पाय काढला, आणि मी तुटलो. फळी खाली कोसळली; शालनबाई मागे सरली म्हणून वाचली. फळीचे दोन तुकडे झाले.

आवाज ऐकून मालोजी धावत आले. त्यांनी बक्षिसाचा फेटा आणून शालनबाईच्या हातात दिला.

“बाई, चुकलं माझं. आजपासनं बक्षीस मोडकं दाखवून काम थांबवणाऱ्याला.”

तिने तो फेटा खाली उतरलेल्या भैरूच्या डोक्यावर ठेवला.

आता मी तिच्या खोपटात खुंटीला असतो. मित्रांनो, आमची पूजा जरूर करा. पण हार घालण्याआधी एकदा आमच्यावरून हात फिरवा. आम्हाला ओरडता येत नाही.